पंखा चालू होता

३ फेब्रुवारी

नातवास,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पाकीट फोडलेलं होतं. तुमच्या तुरुंगात पत्रं वाचायला एक साहेब बसतो असं वकीलबाई म्हणाल्या. साहेब, वाचताय तर वाचा, पण परत चिकटवताना गोंद तरी पुरा लावा. निम्मं पाकीट उघडं आलं, पोस्टमनही वाचून गेला असेल.

तू जेवत नाहीस असं कळलं. उपाशी राहून कुणी सुटल्याचं मी ऐकलं नाही. पुढ्यात येईल ते गिळ.

माझं बरं आहे. गुडघे आहेत तसेच. तुला भेटायला यायचं म्हणजे दोन बस बदलून चार तास, त्यामुळे सध्या पत्रावरच भागव. फोनवर पाच मिनिटं देतात, त्यातली तीन तू रडतोस. मग कामाचं राहून जातं.

वकीलबाई परवा घरी आल्या होत्या. बाई हुशार आहे, चहा निम्मा टाकते. म्हणाल्या, आजी, तुमच्या जबाबावर सगळा खटला उभा आहे. मी म्हटलं, मी पोलिसांना सांगितलं तेच सांगणार. त्या संध्याकाळी पोरगा खोलीत खेळत होता. मधली भिंत पातळ. त्याच्या कॉम्प्युटरच्या पेटाऱ्याचा पंखा मला इकडे ओट्यापाशी ऐकू येतो, आणि माझे कान शाबूत आहेत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली मी. आठ ड्रम एकदम फिरायचे. कुठल्या ड्रममध्ये चादरी आहेत आणि कुठला नुसताच फिरतोय ते मी पाठ फिरवून सांगायची. गोदामाच्या प्रकरणात आधी पकडलेल्या तुझ्या मित्राने, त्या बारक्याने, पोलिसांना तुझं नाव सांगितलं, कारण मार पडला की माणूस आजोबाचंही नाव सांगतो.

पण बाई म्हणतात, एकट्या आजीचा शब्द कोर्टात हलका पडतो. घरचंच माणूस. पेटाऱ्यात काही नोंद असते का, तो कधी चालू होता, कधी बंद, हे तुला विचारायला सांगितलंय. पोलिसांनी तुझा फोन नेला. पेटारा उघडून बघितला आणि म्हणाले, यात नेहमीचं काही नाही, काहीतरी भलतंच भरलंय. ठेवून गेले. कोपऱ्यात आहे. वर ते पोट सुटलेल्या पक्ष्याचं चित्र. मी रोज धूळ पुसते.

आजी

११ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसलो. बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. गोंदाचं ऐकून सगळे हसले, साहेब सोडून.

आजी, नोंद आहे! मलाच कसं सुचलं नाही. पोलिसांना जे भलतंच वाटलं ते लिनक्स. मागच्या वर्षी मी जुनी सिस्टीम काढून टाकून ही घातली, तेव्हा तू माझ्यावर ओरडली होतीस, की चांगलं चाललेलं मोडतोस म्हणून. ही कुठल्या कंपनीच्या एकटीच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं, काही झाकलेलं नसतं. मशीन कधी चालू केलं, कधी बंद, सगळं ती लिहून ठेवते. त्या तारखेचंही असणार.

मी सांगतो तसं कर. मागची पांढरी खटकी दाब, मग पुढचं गोल बटण. लिनक्सचा तो पक्षी येईल, मग पासवर्ड मागेल. पासवर्ड म्हणजे तू मला सकाळी उठवताना जे म्हणतेस ते, दोन्ही शब्द जोडून. अक्षरं मागच्या कागदावर मोठी काढून दिली आहेत. आत गेलीस की खालच्या पट्टीतल्या काळ्या चौकोनावर टिचकी मार. काळी खिडकी उघडेल. त्यात कागदावरची दुसरी ओळ जशीच्या तशी उतरव आणि मोठं बटण दाब. आधी एकटीने करून बघ, मग बाईंना बोलाव.

बाकी कशाला हात लावू नकोस. सिस्टीम अपडेट मागेल, देऊ नकोस. खेळ तर मुळीच उघडू नकोस. काही बदललं तर नोंदी बिघडतील.

आजी, तू आहेस म्हणून मी आहे.

तुझा नातू

१९ फेब्रुवारी

नातवास,

आशीर्वाद. दोन वर्षं रोज सकाळी तुला 'ऊठ मेल्या' म्हणून घसा कोरडा केला आणि तेच तू दाराला कुलूप म्हणून लावलंस. चोरालाही सुचायचं नाही. चोराला सकाळी कुणी उठवत नाही म्हणून.

तू म्हणतोस तितकं सोपं गेलं नाही. मला इंग्रजी अक्षरं येतात ती चादरींवर वॉर्डाची खूण म्हणून शिवलेली. ए, बी, सी, डी आणि बाळंतिणींचा एम. बाकीची मी चित्रं बघून जुळवली. पहिल्या दाराशी काळे ठिपके उमटले, आत गेले. काळी खिडकी उघडली. तुझी ओळ उतरवायला पाऊण तास लागला, त्यात एकदा दूध उतू गेलं. मोठं बटण दाबलं, तर परत पासवर्ड मागितला. मी 'ऊठ मेल्या' घातलं आणि एक ठिपका उमटेल तर शपथ. मला वाटलं बटणं मेली. पुन्हा घातलं. जोराने घातलं. उठतच नाही. मग एकदम काहीतरी इंग्रजीत खेकसलं आणि बाहेर काढलं. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मला कळलं, हे मुकाट्याने ऐकून घेतंय, दाखवत नाही. घरात आणखी एक तसंच आहे. म्हणजे होतं. मग एकदाच, सावकाश, न बघता घातलं. उघडलं.

असं काही असतं तर आधी लिहीत जा. म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो.

वकीलबाई आल्या, खुर्चीत बसल्या, बोट लावून ओळी वाचत खाली गेल्या. सापडलं. त्या तारखेला संध्याकाळी सहा चाळीसला चालू, दहा वीसला बंद. गोदामाच्या राखणदाराला ठार मारलं ते पावणेआठच्या सुमारास. बाईंनी चार फोटो काढले आणि पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायल्या. म्हणाल्या, आजीचे कान आणि मशीनची नोंद, दोन्ही एकच सांगतात.

तुझी खोली झाडली. खिडकीची कडी ढिली आहे, बाहेरून ढकलली तरी उघडते. तळमजल्याचं घर. सुताराला सांगितलंय. दाराशी ताट ठेवायची सवय अजून जात नाही. काल वाढून ठेवलं आणि मग आठवलं. परत उचललं आणि मीच खाल्लं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने दोनदा जेवायचं म्हणजे काय ते पोटाला विचार.

आजी

२६ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. आज मी दोन वेळा जेवलो. बाईंनी निरोप पाठवला होता, पण तुझ्या पत्रातून वाचल्यावरच खरं वाटलं. पासवर्ड उमटत नाही हे सांगायचं राहिलं, माफ कर. कुणी मागून बघत असेल तर त्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून तसं केलेलं असतं.

आता मशीन बंद करून ठेव. पांढरी खटकीही बंद कर. वर चादर टाक. पुन्हा चालू करायची गरज नाही, खरंच नाही. खेळाला हात लावू नकोस हे परत सांगतो.

साक्षीच्या वेळी फार बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की तुला थांबता येत नाही. पंखा चालू होता, एवढंच. विचारलं तर सांग की मी खेळताना दार लावून घेतो, नेहमीचंच आहे. सुटलो की पहिल्यांदा तुझ्या गुडघ्यांचं बघू. मी नोकरी धरीन. तो खेळही काढून टाकीन.

तुझा नातू

१४ मार्च

नातवास,

आशीर्वाद. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही असं लिहिलंस, म्हणून पंधरा दिवस थांबले.

तारीख होती, पण न्यायाधीश आले नाहीत. दिवसभर बाकावर बसून परत आले. बाकावर जागा नव्हती. एका बाईने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "इथं बसा आजी, इथं वारा येतो." चाळिशीची असेल. पिशवीत डबा होता, तो तिने दिवसभर उघडला नाही. मला विचारलं, "तुमचं कोण?" मी म्हटलं, "नातू." ती म्हणाली, "आत आहे का?" मी हो म्हटलं. "सुटेल हो," म्हणाली. मग पुढची तारीख द्यायला पुकारा झाला तेव्हा ती उठून सरकारी वकिलामागे उभी राहिली. राखणदाराची बायको. तिला ठाऊक नव्हतं मी कोण. मला तोवर ठाऊक नव्हतं ती कोण. परत येताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी मात्र बाकावरच विसरली होती, ती मी शिपायाकडे दिली.

बाहेर वकीलबाई मला तयार करत होत्या. म्हणाल्या, समोरचा वकील विचारेल, नुसत्या पंख्यावरून तुम्हाला कसं कळलं तो खेळतच होता? मी म्हटलं, ऐकून कळलं. त्या म्हणाल्या, नीट आठवून ठेवा. आता मी एकतीस वर्षं नोकरी केली ती आठवून नाही, ऐकून केली. साक्षीला जायचं तर ऐकून जावं, म्हणून घरी आल्यावर चादर काढली.

तू नको म्हणाला होतास. तू लहानपणी विस्तवाला हात लावू नको म्हटल्यावर काय केलंस ते तुझ्या अंगठ्यावर आहे.

अपडेट मागत होतं. दारात उभं राहून मागणाऱ्याला मी नाही म्हणू शकत नाही, दिलं. 'ऊठ मेल्या' घातलं, अर्धा तास काहीतरी उतरवून घेतलं, स्वतःच बंद होऊन स्वतःच उठलं. मग तुझ्या खेळाच्या चित्रावर टिचकी मारली. तो लागला नाही. एक पट्टी आली, तिच्यात आकडे चढायला लागले. एक, दोन, तीन. आणि पंखा सुरू झाला. असा सुरू झाला की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. मी खुर्चीत बसलेही नव्हते. दाराशी उभी होते.

तेव्हा मला आठवलं. तू कधीकधी चार वाजता बाहेर यायचास, पंखा आत बोंबलत असायचा आणि तू म्हणायचास, "आजी, चक्की लागली आहे. नव्या अपडेटनंतर सगळी चित्रं पुन्हा दळून काढतं. चित्रं दाखवणारं कार्ड जुनं आहे ना, तीन तास घेईल. चल, तोवर वाढ." बरोबर?

मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि ऐकलं. भिंतीतून तोच आवाज. दोन तास पन्नास मिनिटं. आत कुणी नाही.

आता मला सांग. त्या दिवशी चक्की होती की खेळ होता?

आजी

२२ मार्च

ती. आजीस,

सा. न. तुला मी काय सांगितलं होतं? एक गोष्ट ऐकली असतीस तर काय झालं असतं?

खेळ होता. चक्की लागते कधीतरी, पण त्या दिवशी नव्हती. आणि हे तुझ्या डोक्यात आलंय ते कोर्टात कुणाच्याच डोक्यात येणार नाही. पोलिसांना पेटाऱ्यातलं काही कळलं नाही. बाईंना यातलं कळत नाही. समोरच्या वकिलालाही नाही. तू पंखा ऐकलास. ते खोटं आहे का? नाही ना? मग तेवढं सांग. खोटं बोल असं मी म्हणतच नाही.

बाईंना यातलं काही सांगू नकोस. मशीन बंद कर. हे पत्र फाडून टाक.

इथे एकाला परवा शिक्षा लागली. चौदा वर्षं. तो माझ्याएवढाच आहे.

तुझा नातू

२९ मार्च

नातवास,

आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. तुझं पत्र माझ्या आधी साहेबांनी वाचलंय, मी फाडून कुणापासून लपवणार?

तू खेळतोस तेव्हा पंखा चढतो उतरतो. गोळ्या सुटल्या की चढतो, तू मेलास की उतरतो. बटणं वाजतात. तू कुणाला तरी आयमाय काढून शिव्या देतोस. ड्रममध्ये कपडे असले की तो धापा टाकतो, तसं. आणि रिकामा ड्रम एकाच सुरात फिरतो. चक्कीही एकाच सुरात फिरते. मी लावून ऐकली ती तशीच होती.

मला तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे. पावणेआठला तू कुठे होतास? खोलीत होतास तर तेवढंच लिही, मी साक्षीला जाते आणि तुला घरी आणते. पण लिहिताना माझ्याकडे बघतोयस असं समजून लिही.

आजी

१६ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

आजी, माझं तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुझं माझ्याशिवाय. आई गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, आता आपण दोघंच, एकमेकांना धरून राहायचं. मी आत राहिलो तर तू पडलीस तरी कुणाला कळणार नाही. याचा विचार कर.

मी कुणाला हात लावलेला नाही. तुझी शपथ. त्याने आरडाओरडा केला नसता तर काही झालंच नसतं. त्या वारी त्याची सुट्टी असायची. दर आठवड्याला असायची. तो तिथे असायलाच नको होता.

तू फक्त पंख्याचं सांग. मी तुझ्या पाया पडतो.

तुझा नातू

७ मे

नातवास,

आशीर्वाद.

काल साक्ष झाली. वकीलबाईंनी तुला सांगितलं असेलच, आणि जसं सांगितलं असेल तसं मी इथे परत सांगते, कारण माझ्या तोंडून तुला कळायला हवं.

तुझं सोळा तारखेचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. दाखवायची गरजही पडली नाही. त्या माणसाची सुट्टी कधी असायची हे तुला ठाऊक होतं, तेवढ्यावर मला कळायचं ते कळलं. तुझी ओळ आलीच, फक्त तू ती दुसऱ्या शब्दांत लिहिलीस.

आदल्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, आजी, मी तुम्हाला साक्षीला बोलावलंच नाही तर? मी म्हटलं, पोलिसांकडे माझा जबाब आहे, त्यावर माझी सही आहे. चौथीपर्यंतच शिकले, पण सही माझी मी करते. तो जबाब नीट केल्याशिवाय मी मरायची नाही.

पिंजऱ्यात खुर्ची दिली मला. समोरच्या वकिलाने विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही काय ऐकलंत?" मी म्हटलं, पंखा ऐकला. "नातवाला ऐकलंत?" मी म्हटलं, नाही. "बटणांचा आवाज? बोलणं?" मी म्हटलं, नाही, एकसुरी पंखा. "मग जबाबात 'तो खेळत होता' असं का म्हणालात?" मी म्हटलं, कारण मला तसं हवं होतं. "मशीन माणूस नसताना चालतं का?" मी म्हटलं, चालतं, मी स्वतः लावून पाहिलंय, दोन तास पन्नास मिनिटं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती पिशवीवाली बाई मागच्या रांगेत होती. रडली वगैरे नाही. डबा मांडीवर घेऊन बसली होती.

आता तुला जे सांगायचंय ते मी कोर्टात सांगितलं, पण तुला आधी सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी साडेसातला मी तुझ्या दाराशी ताट ठेवलं. साडेआठला बघितलं, तसंच. साडेनऊला बघितलं, पोळ्या कडक झालेल्या, भाजीवर तेल थिजलेलं. पंखा चालू. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. ताट आत नेलं, गरम केलं, पुन्हा आणून ठेवलं. दहाला तू दार उघडलंस. केस ओले होते तुझे, पाय धुतलेले. ताट घेतलंस आणि म्हणालास, "आजी, अजून गरम आहे की." पोलिसांनी विचारलं, जेवला का? मी म्हटलं, जेवला. खोटं नव्हतं ते. तूच लिहिलंस ना, पंखा ऐकलास हे खोटं आहे का म्हणून. हे शिक्षण तुला माझ्याकडूनच मिळालं असणार.

मला त्याच रात्री माहीत होतं. रिकामा ड्रम मला ओळखता येत नाही असं समजू नकोस. मी ओळखला आणि गप्प बसले. दार वाजवलं असतं तर तू खोलीत नाहीस हे साडेसातलाच कळलं असतं, आणि पावणेआठ व्हायला पाव तास होता. गोदाम आपल्या गल्लीपासून किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. याचा हिशेब माझ्याकडे राहू दे, तो तुला मागणार नाही.

तू म्हणालास, मी पडले तर कुणाला कळणार नाही. खरं आहे. शेजारच्या शिंपिणीला सांगून ठेवलंय, सकाळी मी खिडकी उघडली नाही तर बघायला ये म्हणून. तुझी ती सिस्टीम म्हणे सगळं उघडं ठेवते, कुणीही बघावं. बरी आहे. मशीन मी बंद करून चादर टाकली आहे. विकणार नाही. आठवड्यातून एकदा अपडेट देईन. मागत राहतं, आणि आता मला येतं.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. मी मात्र येणार आहे, दोन बस बदलून. बाहेरचं जेवण आत देत नाहीत असं फाटकावरच्या शिपायाने फोनवर सांगितलं. तरी मी ताट आणीन, फाटकाशी ठेवीन आणि वेळ संपली की तसंच उचलून परत नेईन. मला सवय आहे.

आजी